परशुरामाचा बाण, चंद्रनाथचा खडक, सांतेरीची रोयण : गोव्याचा भूगर्भ आणि आपली श्रद्धा

कातळ (धागाकर्ता)

परशुराम जयंती जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो : परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि आता भूगर्भशास्त्रानेही ते सिद्ध केलं आहे. सोबत, जिथे तो बाण पडला असं सांगतात, त्या बाणावलीच्या किनाऱ्याचा फोटो. हे 'सिद्ध केलं' तपासून पाहावं म्हणून हा धागा काढतो आहे. कथेवर ज्यांची मनापासून श्रद्धा आहे त्यांनीही हे वाचावं, कारण ज्या पुराव्यावर कथा टेकवली जाते तो पुरावा नेमका उलट्या दिशेने जातो.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. गोव्यासमोरचा उथळ समुद्रतळ शंभरेक किलोमीटर रुंद आहे आणि त्याची बाहेरची कड साधारण तेवढ्याच खोलीवर येते. म्हणजे तेव्हाचा किनारा आजच्या कळंगुट-कोलव्यापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आसपास होता. त्यानंतर बर्फ वितळला, समुद्र चढत गेला आणि ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोचला. आता हिशेब करा. शंभर किलोमीटर जमीन सुमारे १३,००० वर्षांत बुडाली, म्हणजे सरासरी वर्षाला सात-आठ मीटर. पन्नास वर्षं जगलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत चारेकशे मीटर किनारा पाण्याखाली गेला असणार. (वेग सगळा काळ सारखा नव्हता, ही फक्त सरासरी.) त्या काळाची आठवण लोककथेत उरली असेल तर ती जमीन बुडाल्याची असायला हवी. समुद्राने जमीन दिली अशी आठवण त्या काळातून येणं शक्य नाही.

दुसरा गोंधळ सड्यांचा. दोनापावल, दाबोळी, वेर्णे, पर्वरी इथले जांभ्याचे सपाट सडे पाहून 'हा जुना समुद्रतळ' असं पुष्कळजण म्हणतात. जांभा समुद्रात तयार होत नाही. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक जागच्या जागी कुजतो, सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पाण्याबरोबर निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. त्याचा आरंभ काही कोटी वर्षांपूर्वीचा आहे. खाली खणलं तर आधी लाल, मग ठिपक्याठिपक्यांची, मग पांढरट-गुलाबी चिकणमाती आणि शेवटी ताजा खडक, असा क्रम सापडतो. समुद्रतळावर शंख-शिंपले आणि गाळाचे थर असते.

मग गोव्यात समुद्राकडून मिळालेली जमीन आहे का? आहे, आणि दोन प्रकारची आहे. पहिली म्हणजे दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्याची वाळूची पट्टी, वेळसांवपासून मोबोरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर. समुद्र आजच्या पातळीला स्थिरावल्यावर वाळूच्या समांतर वरवंडी एकीपुढे एक साचत गेल्या. समुद्र एवढा जवळ असून साळ नदी किनाऱ्याला समांतर थेट बेतूलपर्यंत का वाहते, याचं कारण याच वरवंडी. बाणावली याच पट्टीवर आहे. ही जमीन खरोखर नवी आहे, काही हजार वर्षांचीच.

दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो : खाजनं. सुमारे १८,००० हेक्टर जमीन गोव्यातल्या माणसांनी भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवली आहे. बांदिवड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मन या कोकणच्या मौर्य घराण्यातल्या राजाच्या ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुमारास, खाजन जमिनीचा आणि बांध घालून ती लागवडीला आणण्याचा उल्लेख आहे. चिखल, पेंढा आणि बाहेरून जांभ्याच्या चिऱ्यांची पिचिंग (दगडी आवरण) असा बांध. त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार : ओहोटीला आतलं पाणी ते बाहेर ढकलतं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं. पहिल्या पावसांनी मातीतलं मीठ धुऊन निघालं की कोरगुट (खाऱ्या जमिनीत तगणारा भात) पेरायचा. बांधावर राखणदाराला नारळ ठेवतात, काही बांधांवर खुरीस (क्रूस) उभा असतो. समुद्र हटवून गाव वसवल्याची कथा जिथे शतकानुशतकं ऐकली गेली, तिथे ती बांधाच्या कामाशी जोडून वाचावी असं माझं मत आहे.

मांडवीतीर

कातळबाब, हिशेब पटला. पण घाटाच्या पायथ्याच्या गावांत विहिरी खणताना शंख-शिंपले निघतात असं जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं. समुद्र तिथपर्यंत गेलाच नसेल तर हे शिंपले आले कुठून? आणि तुम्ही पोथी तर बाजूलाच ठेवलीत. सह्याद्रिखंडात परशुरामाची ही कथा लिहिली आहे, तिचं काय समजायचं?

दर्यादेग

शिंपल्यांचं मी सांगतो. पोथीचं पोथीवाल्यांनी सांगावं.

गोव्यात शिंपले समुद्रापासून दूर जायची मोठी कारणं माणसांचीच आहेत. तिसऱ्या, खुबे, शिनाणे खाऊन शिंपा परसात टाकतात, हे झालं एक. खरं मोठं कारण चुना. गोव्यात भट्टीला लावण्याजोगा चुनखडक जवळजवळ नाही, म्हणून देवळं, चर्च, घरं, विहिरी, सगळ्यांचा चुना शिंपले भाजून केलेला. टोपल्याच्या टोपल्या होडीतून नदीने वर जात आणि भट्टीजवळ ढीग पडत. तीनशे वर्षांनी तो ढीग मातीखाली सापडला की 'समुद्र इथवर होता' अशी बातमी होते.

खरा सागरी थर ओळखायचा तर आधी शिंपल्याच्या दोन्ही पाळी जोडलेल्या आहेत का ते पाहा. जिवंतपणी गाळात पुरलेला प्राणी मेला तर पाळी मिटलेल्या आणि ज्या स्थितीत तो जगत होता त्याच स्थितीत सापडतात. खाऊन टाकलेल्यांत सुट्या आणि एकाच मापाच्या, म्हणजे निवडून गोळा केलेल्या. मग जात पाहा. सगळ्या खाण्याच्याच जाती असतील तर ते उकिरड्याचं लक्षण. खऱ्या थरात बारीक, निरुपयोगी जातीही मिसळलेल्या असतात आणि चिमटीभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म सागरी जीव) दिसतात. कोळसा, खापऱ्या, भाजल्याच्या खुणा मिळाल्या तर विषय संपला. थर किती दूर पसरला आहे तेही बघायचं : सागरी थर शेजारच्या चार विहिरींतही त्याच पातळीला यायला हवा.

कार्बन-१४ ने वय काढताना एक चूक वारंवार होते. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच 'जुना' असतो, त्यामुळे शिंपल्याचं वय काही शतकं जास्त येतं. ती दुरुस्ती न करता आकडा छापला की हजार वर्षांपूर्वीची भट्टी दीड हजार वर्षांची होऊन बसते. आणि वय हजारांत आलं तरी ते सड्याचं वय नव्हे, शिंपल्याचं आहे.

देवळावरून समुद्र मोजल्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण इटलीतलं आहे. नेपल्सजवळ पोझ्झुओली इथे संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. तिथे १७५० मध्ये सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून ते सेरापिसचं देऊळ ठरलं. पुढे कळलं की तो रोमन बाजार होता. खांब खालून सुमारे १२ फुटांपर्यंत गुळगुळीत आहेत, त्यावर सुमारे ९ फुटांचा पट्टा दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांनी भोकं पाडलेला, आणि वर पुन्हा स्वच्छ. म्हणजे बांधकामानंतर जमीन खचून खांब समुद्रात गेले आणि मग उभेच्या उभे पुन्हा वर आले. गुळगुळीत भाग बुडाला तेव्हा गाळ-राडारोड्यात गाडलेला होता म्हणून वाचला. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने १८३० साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या आरंभी याच खांबांचं चित्र छापलं. गोव्यात 'समुद्र इथे होता' म्हणायचं असेल तर या दर्जाचा पुरावा हवा : कोणत्या उंचीवर, कोणत्या प्राण्याची खूण, आणि वर-खाली काय.

पोथीवाला

सह्याद्रिखंड स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितलं जातं. त्याची छापील संपादित आवृत्ती १८७७ साली मुंबईत निघाली. संपादक होते हडफड्याचे जोसे जेर्सन दा कुन्हा. एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टराने अनेक हस्तलिखितं जुळवून हे पुराण छापलं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. ग्रंथाचा रोख कोणती ज्ञाती कुठून आली, कोणती गावं कोणाला मिळाली यावर आहे. जमीन नवी म्हणजे तिच्यावर आधीच्या कोणाचा हक्क नाही, ही त्या कथेतली कळीची गोष्ट. म्हणून ती वसाहतीची आणि मालकीची कथा म्हणून वाचली तर तिचं प्रत्येक वाक्य अर्थपूर्ण लागतं. समुद्रपातळीची नोंद म्हणून वाचली तर ओढाताण करावी लागते.

याच जातीचा दुसरा फिरता मजकूर कल्पाचा : ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे ऋषींना ठाऊक होतं. इथे एक पायरी गाळली जाते. ४३२ कोटी ही पूर्ण कल्पाची लांबी. पृथ्वीच्या वयाशी तुलना करायची तर कल्पाचा किती काळ उलटला ते धरायला हवं. आणि ते तर आपण प्रत्येक पूजेच्या संकल्पात म्हणतो : श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग.

मांडून बघू. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं आणि मन्वंतरात ७१ महायुगं. वैवस्वत हे सातवं, म्हणजे सहा मन्वंतरं उलटली : ४२६ महायुगं, म्हणजे १८४ कोटी ३ लाख २० हजार. सात संधी (मन्वंतरांना जोडणारे काळ), प्रत्येकी १७,२८,००० : एकूण १ कोटी २० लाख ९६ हजार. सातव्या मन्वंतरातली २७ महायुगं : ११ कोटी ६६ लाख ४० हजार. चालू महायुगातली कृत, त्रेता, द्वापर : ३८ लाख ८८ हजार. कलीची पाच हजारांवर काही वर्षं, इ.स.पू. ३१०२ पासून. बेरीज सुमारे १९७ कोटी २९ लाख. सूर्यसिद्धान्त हा ज्योतिषग्रंथ यातून सृष्टी रचायला लागलेली १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षं वजा करतो, म्हणजे १९५ कोटींच्या वर. ४५४ कोटींशी याचा मेळ बसत नाही.

युगं, मन्वंतरं आणि कल्प यांचे हे आकडे ४,३२,००० च्या पटीत आहेत, कारण ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसाव्यात असा मोठा काळ ज्योतिषांना हवा होता. आकाशाच्या गणितासाठी केलेली ती रचना आहे आणि त्या कामी ती उत्तम आहे. युरोपात १६५० साली आर्चबिशप अशरने बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा ठरवला होता. त्याच्या शेजारी कोट्यवधी वर्षांत सहज वावरणारी परंपरा ठेवली की तिची झेप दिसते. ती झेप खरी आहे. तिला खोट्या जुळणीची गरज नाही.

कातळ

पोथीवालेबाब, तुमच्या १९७ कोटींवरून थेट पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर जाता येतं. भूगर्भशास्त्रात 'चंद्रनाथ ग्रॅनाइट नाइस' (नाइस म्हणजे उष्णता आणि दाबाने पालटलेला पट्टेदार खडक) नावाचा खडकच आहे, या डोंगरावरून नाव पडलेला. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ आहे आणि लिंग तिथल्याच कातळाचं मानलं जातं. या खडकाचं वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे २६५ कोटी वर्षं आलं आहे, अधिक-उणे १० कोटी. अनमोड घाटातला नाइस त्याहूनही जुना, ३४० कोटींच्या आसपास. म्हणजे संकल्पाप्रमाणे कल्पाचा जेवढा काळ उलटला त्यापेक्षा देवाखालचा कातळ जुना.

हा आकडा कसा येतो? रुबिडियम-८७ फार सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं, अर्धं व्हायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात. एकाच खडकाचे रुबिडियम कमी-जास्त असलेले अनेक नमुने घ्यायचे, प्रत्येकात दोन गुणोत्तरं मोजायची आणि आलेखावर बिंदू मांडायचे. बिंदू एका सरळ रेषेत आले तर रेषेच्या चढावरून वय मिळतं. चूक होते ती दोन ठिकाणी. नमुना कुजलेला असला तर रुबिडियम पाण्याबरोबर हललेलं असतं. गोव्याच्या पावसात वरचा मीटर-दोन मीटर खडक बहुधा कुजलेलाच असतो, म्हणून ताजा खडक उघडा असेल तिथूनच नमुना काढायचा. आणि पुढच्या काळात खडक पुन्हा तापला असेल तर घड्याळ तेव्हापासून नव्याने सुरू होतं. झिरकॉन या खनिजाच्या कणांवरची युरेनियम-शिसे पद्धत या बाबतीत जास्त भरवशाची, पण त्यासाठी दहा-वीस किलो खडक भरडून त्यातून केसाएवढे कण वेगळे करावे लागतात. देवस्थानच्या हद्दीत हातोडा चालवायचं कारण नाही, खालच्या रस्त्याच्या कापात तोच खडक मिळतो.

चंद्रेश्वराच्या लिंगाला पौर्णिमेचं चांदणं लागलं की पाणी सुटतं अशी श्रद्धा आहे. याकडे कुतूहलाने पाहता येतं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. दगड त्याखाली थंड झाला की त्यावर पाणी धरतं. चांदणं स्वच्छ पडायला आकाश निरभ्र लागतं आणि निरभ्र रात्री उघडा कातळ जास्त थंड होतो. तेव्हा चांदणं आणि ओलावा एकाच रात्री दिसणं अगदी शक्य आहे. तपासायचं तर देवस्थान समितीच्या परवानगीने स्पर्श न करता तापमान मोजणारं यंत्र आणि आर्द्रतामापक घेऊन पौर्णिमा आणि अमावास्या अशा दोन्ही निरभ्र रात्री दर तासाला नोंद घ्यायची. अमावास्येलाही पाणी सुटलं तर कारण दव. एकट्या पौर्णिमेच्या नोंदीवरून काहीच ठरत नाही.

रानवाट

सांतेरीचा, म्हणजे वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या भूदेवीचा, विषय कोणी काढेल म्हणून थांबले होते. गोव्यात जमिनीची सगळ्यात थेट पूजा रोयणीची, म्हणजे वारुळाची, होते. वाळवीने वर आणलेली माती हीच देवी, आणि तिच्यापुढे मूर्ती नंतर आली. मातीच्या दृष्टीने रोयण म्हणजे काय ते बघू या. सड्यावर वरची माती पातळ आणि खडेमिश्रित असते. वाळवीला घर बांधायला बारीक चिकणमाती लागते. ती जांभ्याच्या भेगांतून खाली जाऊन, खालच्या चिकणमातीच्या थरातून तोंडात धरून वर आणते. म्हणून रोयणीची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा बारीक आणि चिकण असते, आणि बऱ्याचदा तिच्यात खालच्या थरातली खनिजंही सापडतात. कोरड्या प्रदेशांत खनिज शोधणारे वारुळाच्या मातीचे नमुने तपासतात ते याच कारणाने.

पाण्याचं म्हणाल तर वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूजलावर पूर्ण अध्याय लिहिला आहे, दकार्गल. त्यात वारूळ ही मोठी खूण आहे. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी लागतं, असं तो सांगतो. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची, सुमारे साडेसात फूट. तेव्हा खोली पंधरा फूट. गोव्यात हे कुठे चालतं? सड्याच्या कडेला, जिथे जांभा आणि खालची चिकणमाती यांचा सांधा जमिनीजवळ येतो. पाऊस जांभ्यातून झिरपतो, चिकणमातीवर अडतो आणि कडेला झर होऊन बाहेर पडतो, केसरव्हाळसारखा. तिथे जांभूळही जोमात असते आणि रोयणही. सड्याच्या मध्यावर मात्र ही खूण फसवते. वाळवी खोलवरून ओल आणू शकते, त्यामुळे रोयण भलीमोठी आणि पाणी साठ-सत्तर फुटांवर, असंही होतं. खूण एकटी धरू नये. उतार, झाड, शेजारच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी, हे जोडून पाहावं.

जीर्णोद्धार करणाऱ्या समित्यांना हात जोडून एक विनंती. लाकूडकामाला वाळवी लागू नये म्हणून पायाभोवती छिद्रं पाडून कीटकनाशक सोडतात. त्याने गर्भगृहातल्या रोयणीची वसाहतही मरते. मेलेली रोयण दुरुस्त होत नाही, वर्षभरात भेगा पडून ढासळते. लाकूड जमिनीपासून तोडा, दगडी उथळ्यावर खांब ठेवा, भिंतीवर मातीचे बोगदे दिसले तर हाताने पाडा आणि रसायन लाकडापुरतं ठेवा. रोयणीभोवती सिमेंटची फरशी करू नका. तिची ओल त्या जमिनीतून येते. पावसाळ्यात येणारी अळमीही (रानातली अळंबी) त्याच वसाहतीच्या बुरशीची, म्हणून ती उपटताना बुडाशी खणू नये.

चिरेबंदी

देव ज्या दगडात बसले त्याबद्दल थोडं. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर कडक होतो, हे खरं. त्यातून 'चिऱ्याला गिलावा नको' अशी समजूत झाली आणि तिने मोठं नुकसान केलं आहे. जुन्या गोव्यातली बॉम जेझू बासिलिका पाहा. १६०५ मध्ये अभिषेक झालेलं हे चर्च गिलावा केलेलं होतं. १९५० च्या दशकात गिलावा काढला आणि चिरा उघडा पडला. आज लोकांना वाटतं की ते मुळातच लाल होतं. दर्शनी भागाची नक्षी वसईहून आणलेल्या बेसॉल्टची, म्हणून ती टिकून आहे. शेजारचा चिरा झिजतो आहे. चिऱ्यात लोहाचं कडक जाळं असतं आणि त्याच्या पोकळ्यांत मऊ माती. पाऊस माती धुऊन नेतो, जाळं उघडं पडतं, त्यात शेवाळ आणि रोपं मुळं धरतात.

भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी आणि पाणी शोषण वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. साधी परीक्षा : चिरा वाळवून तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. २० किलोचा चिरा २२.४ किलोच्या वर गेला तर तो बाहेरच्या भिंतीला नको. पाण्यात बोटाने चोळल्यावर पिवळी माती सुटत राहिली तरीही नको.

गिलावा चुन्याचाच. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू तीन भाग. खाडीची वाळू नको, मीठ भिंतीत जातं. आधी भिंत भिजवायची, १० ते १२ मिलिमीटरचा पहिला हात, तो घट्ट झाला की दुसरा पातळ, आणि निदान आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, म्हणून हे काम पावसाआधी दोन-तीन महिने उरकलेलं हवं. नंतर दरवर्षी चुन्याचा हात. सिमेंटचा गिलावा चिऱ्यावर चालत नाही : तो आतली वाफ अडवतो, मीठ त्याच्या मागे स्फटिक धरतं आणि चार-पाच पावसाळ्यांत पत्रीसारखा सुटताना चिऱ्याची कातडीही घेऊन येतो. जीर्णोद्धारात भिंतींना ग्रॅनाइटच्या लाद्या चिकटवतात तिथेही हेच होतं, फक्त उशिरा दिसतं.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ बेसॉल्टचं आहे असं सर्रास छापतात. तो दगड टाल्क-क्लोराइट शिस्ट आहे, काळसर, बारीक पोताचा, मऊ. म्हणूनच छतावरची ती कमळं इतकी बारीक कोरता आली. खनिजांच्या १ ते १० या कठीणतेच्या मोजपट्टीवर टाल्कची कठीणता १, क्लोराइटची दोन ते अडीच, बेसॉल्टमधल्या खनिजांची ५-६. पण नखाने किंवा चावीने ओरखडा काढून 'खात्री' कोणी करू नये. ते संरक्षित स्मारक आहे आणि १९५८ च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो. जांभ्यात असं कोरीवकाम अशक्य. हरवळ्याच्या गुंफा जांभ्यात खोदल्या, म्हणून तिथे साधे खांब आणि साध्या ओवऱ्या.

मांडवीतीर

फार मोलाचं मिळालं. दोन प्रश्न. युरोपात बायबलमधल्या प्रलयाबाबतही असंच झालं होतं का, म्हणजे आधी सिद्ध आणि मग रद्द? आणि शाळिग्राम : आमच्या ओळखीच्या एका घरात जुन्या शाळिग्रामावर पांढरी-पिवळी पूड धरते आहे. अपशकुन समजून विसर्जन करावं असं कोणी सुचवलं आहे.

कातळ

प्रलयाचं अगदी तसंच झालं. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड पाद्रीही होते आणि भूगर्भशास्त्राचे अध्यापकही. १८२३ मध्ये त्यांनी गुहांतली हाडं आणि दऱ्यांतला रेताड गाळ यांवरून जागतिक प्रलयाचा पुरावा मांडला. १८३६ मध्ये स्वतःच तो सोडला. १८४० मध्ये लुई अगासीने हिमनद्यांचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला आणि तो गाळ बर्फाने वाहून आणलेला निघाला. बकलंड धर्मगुरूच राहिले. त्याआधीचे निकोलस स्टेनो तर जास्त बोलके : शार्कच्या दातांवरून 'जीभ-दगड' हे प्राण्यांचे अवशेष आहेत हे त्यांनी दाखवलं, १६६९ मध्ये थरांचा नियम मांडला (खालचा थर आधीचा), १६७७ मध्ये बिशप झाले आणि १९८८ मध्ये पोपने त्यांना धन्य घोषित केलं. आपल्या साष्टीतल्या ख्रिस्ती मित्रांना हे नाव जरूर सांगावं.

शाळिग्रामाचं विसर्जन नको. तो गंडकीच्या खोऱ्यातला, जुरासिक काळाच्या उत्तरार्धातला ॲमोनाइट असतो, सुमारे १५ कोटी वर्षांचा. काहींत पायराइट असतं, सोनेरी रेघ दिसते ती त्याची. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की पायराइट हवेशी अभिक्रिया करून सल्फेटची पूड आणि थोडं गंधकाम्ल बनवतं. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा त्याहून कितीतरी दमट. पूड मऊ कोरड्या ब्रशने झटका, धुऊ नका, ती पूड तोंडाजवळ नको. अभिषेक रोज न करता पर्वणीला ठेवा आणि झाल्यावर लगेच सुती कापडाने टिपून घ्या. खोबरेल तेलाने चकाकी येते, पण आतली क्रिया थांबत नाही. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा, जेल ओलं झालं की गरम करून वाळवा. तांब्याच्या ताम्हनात सतत ठेवू नका, आम्लाने तांबं खातं आणि हिरवा डाग शाळिग्रामावर चढतो. चीर वाढत असेल तर पुराणवस्तू किंवा जीवाश्म जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा, घरी गोंद लावू नका.